पेनड्राइव्ह पुन्हा बनवण्याआधी: बूट नेमके कुठे अडते ते पाहा

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यानंतर नागपुरातील लहान कार्यालये, शिकवणी वर्ग, अभ्यासिका आणि इतवारीतील ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या अशा सगळ्याच ठिकाणी जुन्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचे काम एकाएकी वाढले. त्या कामासोबत एक तक्रारही वाढली आणि ती जवळजवळ एकाच शब्दांत येते: “भाऊ, पेनड्राइव्ह परत बनवून द्या ना, हा चालूनच नाही राहिला.” तक्रार करणाऱ्याने तो पेनड्राइव्ह आधीच अनेकदा पुसून पुन्हा बनवलेला असतो, बर्डीच्या बाजारातून नवा आणून त्यावरही प्रयत्न केलेला असतो, आणि संगणक मात्र जिथल्या तिथेच थांबलेला असतो.

बूट होणाऱ्या, म्हणजे संगणक ज्यावरून सुरू होऊ शकतो अशा, पेनड्राइव्हचे यश तीन गोष्टी जुळण्यावर अवलंबून असते. उतरवून घेतलेली आयएसओ फाइल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या इन्स्टॉलरची एकाच फाइलीतील प्रत), ती पेनड्राइव्हवर ज्या रचनेत लिहिली गेली ती रचना, आणि समोरच्या संगणकाच्या मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे आपण सरसकट ज्याला बायोस म्हणतो ते, या त्या तीन गोष्टी होत. पेनड्राइव्ह पुन्हा बनवल्याने पहिली आणि तिसरी गोष्ट बदलत नाही. दुसरीही सहसा बदलत नाही, कारण माणूस त्याच साधनात तेच पर्याय ठेवून तेच बटण पुन्हा दाबतो. म्हणून संगणक किती पुढे जाऊन थांबतो हे आधी पाहावे. बूट मेनूत पेनड्राइव्हचे नावच दिसत नाही, नाव दिसते पण निवडल्यावर पडदा काळा होतो किंवा तक्रार करतो, इन्स्टॉलर उघडतो पण अर्ध्यात अडतो, आणि इन्स्टॉलरला संगणकाची डिस्कच सापडत नाही, या चार अवस्थांची कारणे वेगवेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

नावच दिसत नसेल तर

प्रथम बूट मेनू खरोखर उघडला आहे ना, याची खात्री करावी. एचपीच्या लॅपटॉपवर सुरुवातीला एस्केप आणि मग एफ९, डेल आणि लेनोव्होवर एफ१२, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि आसुसच्या मदरबोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२ अशा कळा सर्वसाधारणपणे चालतात. एसरवरही एफ१२ आहे, परंतु काही मॉडेलांत हा मेनू फर्मवेअरच्या सेटिंगमधून आधी चालू करावा लागतो. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केलेला संगणक पूर्णपणे बंद होत नाही आणि इतक्या झटपट उठतो की कळ दाबायला अवधीच मिळत नाही. अशा वेळी शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय येतो आणि तिथून थेट पेनड्राइव्ह निवडता येतो. यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या नव्या फर्मवेअरच्या, पद्धतीने चालणाऱ्या संगणकांवरच हा पर्याय मिळतो, ही गोष्टही निदानाला उपयोगी पडते.

मेनू उघडूनही पेनड्राइव्ह दिसत नसेल, तर बहुतेक वेळा प्रश्न रचनेचा असतो. नेहमीचे उदाहरण इतवारीतील एखाद्या पेढीचे घेऊ. तिथे बिले काढण्यासाठी २०११ च्या आसपासचा डेस्कटॉप आहे आणि घरात मुलीच्या अभ्यासासाठी नवा लॅपटॉप आहे. लॅपटॉपसाठी बनवलेला पेनड्राइव्ह डेस्कटॉपला लावला, तर तो नाव दाखवूनही पुढे जात नाही. डेस्कटॉपसाठी बनवलेला लॅपटॉपला लावला, तर लॅपटॉप त्याचे नावही घेत नाही. जुने बायोस पेनड्राइव्हचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा विभाग वाचते, त्याच्या शेवटी ५५ आणि एए या दोन खुणा आहेत का ते पाहते आणि तिथल्या छोट्या प्रोग्रामच्या हाती संगणक सोपवते. नवे यूईएफआय फर्मवेअर त्या प्रोग्रामकडे ढुंकूनही पाहत नाही. ते फॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेले पार्टिशन, म्हणजे पेनड्राइव्हचा विभाग, शोधते, त्यातील ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ या फोल्डरात जाते आणि ‘बूटएक्स६४’ नावाची, ‘ईएफआय’ या प्रत्ययाची फाइल आहे का ते पाहते. ती फाइल नसेल, किंवा पार्टिशन त्याला वाचताच येत नसेल, तर त्या फर्मवेअरच्या लेखी पेनड्राइव्ह बूट करण्याजोगा नसतो आणि मेनूत त्याला जागा मिळत नाही.

पेनड्राइव्ह बनवणारे रुफस हे साधन वापरणाऱ्यांनी म्हणूनच ‘पार्टिशन स्कीम’ आणि ‘टार्गेट सिस्टिम’ या दोन ओळी न वाचता पुढे जाऊ नये. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती आहेत; जुन्या बायोससाठी एमबीआर, यूईएफआयसाठी जीपीटी असा साधा नियम विंडोजच्या बाबतीत पुरतो. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आयएसओ फाइली दुहेरी रचनेच्या असतात, त्यामुळे त्या जशाच्या तशा, म्हणजे रुफस ज्याला ‘डीडी मोड’ म्हणतो त्या पद्धतीने लिहिल्यास एकच पेनड्राइव्ह दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालतो. दोन पिढ्यांचे संगणक नेहमी हाताळावे लागत असतील, तर विंडोजसाठी दोन वेगळे पेनड्राइव्ह ठेवून त्यांवर चिठ्ठी चिकटवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे. एकाच पेनड्राइव्हकडून सगळी कामे करून घेण्याच्या नादात वेळच अधिक जातो.

साधारण २०१२ ते २०१९ या काळातील मदरबोर्ड मात्र दोन्ही पद्धती जाणतात आणि गोंधळ इथेच सर्वाधिक होतो. त्यांत सीएसएम नावाची सोय असते, जी यूईएफआय फर्मवेअरला जुन्या बायोससारखे वागायला लावते. इंटेलने २०२० पर्यंत ही सोय बंद करण्याचा इरादा २०१७ मध्येच जाहीर केला होता, पण ती असलेले असंख्य संगणक आजही वापरात आहेत. अशा संगणकाच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ हा शब्द असलेला आणि एकदा नुसताच. घाईत नुसत्या नावावर एंटर दाबले जाते, इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने उघडतो, आणि बरेच पुढे गेल्यावर डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्क जीपीटी प्रकारची आहे’ असा संदेश येतो. उलट्या निवडीत हाच संदेश एमबीआरच्या नावाने येतो. लोक तेव्हा डिस्क पुसायला निघतात. खरे तर संगणक बंद करून बूट मेनूतील दुसरी नोंद निवडली, तर पुष्कळदा एक बाइटही न पुसता काम पुढे सरकते.

काल चालला, आज चालत नाही

वारंवार उद्भवणाऱ्या समस्येचा हा प्रकार सर्वांत चकवणारा आहे. पेनड्राइव्ह तोच, संगणक तोच, आणि तरीही काल नीट उघडलेला इन्स्टॉलर आज उघडत नाही. जुन्या डेस्कटॉपवर असे होत असेल, तर पेनड्राइव्ह बाजूला ठेवून संगणकाची तारीख पाहावी. ती दर वेळी मागे, एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे. फर्मवेअरची सेटिंग या सेलवर जपली जात असतील, तर सेल संपताच बूटचा क्रम, सीएसएम, सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी नसलेले बूट प्रोग्राम अडवणारी सोय) आणि साटा डिस्कची पद्धत हे सारे मूळ स्थितीवर परतते. संगणकाला भिंतीतील बोर्डातून वीज मिळत असते तोवर सेलवर भार पडत नाही, पण आपल्याकडे दुकान बंद करताना मुख्य बटणच खाली करण्याची रीत आहे आणि ती सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यही आहे. अशा ठिकाणी सेल लवकर उतरतो, आणि रोज सकाळी संगणक आपले कालचे सेटिंग विसरून उठतो. सेल बदलायला मिनिटे लागतात. बदलल्यावर सेटिंग एकदा नीट करून ‘सेव्ह’ करावीत आणि मगच पेनड्राइव्हविषयी मत बनवावे.

दुसरे कारण यूएसबीच्या खाचेचे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची खाच लांब तारेने मदरबोर्डला जोडलेली असते आणि ती तार सैल असणे, खाचेत धूळ बसणे या गोष्टी जुन्या संगणकात सर्रास आढळतात. मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील खाचेत पेनड्राइव्ह लावून पाहावा आणि हब वापरू नये. विंडोज ७ चा मूळ इन्स्टॉलर यूएसबी ३.० ओळखतच नव्हता, त्यामुळे निळ्या खाचेत लावलेला पेनड्राइव्ह उघडायचा आणि मग माध्यमाचा ड्रायव्हर नाही अशी तक्रार करायचा. काळ्या खाचेत लावा हा सल्ला तेव्हापासून चालत आला आहे. विंडोज १० आणि ११ ला तो तसा लागू नाही, पण खाच बदलून पाहण्यात कष्ट काहीच नाहीत.

चार जीबीची भिंत

यूईएफआयच्या मानकानुसार फर्मवेअरला फॅट पद्धत वाचता येणे पुरेसे आहे. विंडोजची नेहमीची एनटीएफएस पद्धत वाचण्याची सक्ती त्याच्यावर नाही आणि पुष्कळ मदरबोर्ड ते वाचतही नाहीत. फॅट३२ मध्ये मात्र एका फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी इतक्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. विंडोज ११ च्या आयएसओमधील ‘सोर्सेस’ फोल्डरातील ‘इन्स्टॉल’ नावाची, ‘विम’ प्रत्ययाची मुख्य फाइल ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे जो माणूस पेनड्राइव्ह हाताने फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून सगळ्या फाइली त्यावर ओढतो, त्याची नक्कल त्या एका फाइलवर येऊन थांबते. जो तो संदेश टाळण्यासाठी एनटीएफएस निवडतो, त्याच्या सगळ्या फाइली बसतात पण बूट मेनूत पेनड्राइव्हच दिसत नाही. यात भर म्हणजे ३२ जीबीहून मोठा पेनड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही, तो एक्सफॅट सुचवतो, आणि एक्सफॅट वाचणारे फर्मवेअर विरळ आहे. ६४ जीबीचा नवा कोरा पेनड्राइव्ह चालत नाही आणि जुना ८ जीबीचा चालतो, या कोड्याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

मार्ग तीन आहेत. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह मागते आणि या मर्यादेत बसेल अशी मांडणी स्वतःच करते; विंडोजचा चालू संगणक हाताशी असेल, तर नवख्या माणसाने हाच मार्ग धरावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, या साधनाची एक आवृत्ती विंडोज १० वर उघडून लगेच बंद पडत होती आणि ती नंतर दुरुस्त झाली. म्हणून जपून ठेवलेली जुनी प्रत न वापरता ते दर वेळी नव्याने उतरवून घ्यावे. रुफस दुसरा मार्ग घेते. ते मुख्य पार्टिशन एनटीएफएसचे करते आणि शेवटी एक अगदी छोटे फॅट पार्टिशन जोडते, ज्यातील प्रोग्राम फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला मदत करतो. हे छोटे पार्टिशन अनावश्यक समजून काही जण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पुसून टाकतात आणि पेनड्राइव्ह त्या क्षणी निकामी होतो. तिसरा मार्ग मोठी फाइल ‘डिझम’ या विंडोजच्या आज्ञेने ३,८०० एमबीच्या तुकड्यांत फोडण्याचा आहे. तुकड्यांना ‘एसडब्ल्यूएम’ हा प्रत्यय मिळतो आणि इन्स्टॉलर ते आपोआप ओळखतो. हा मार्ग अवघड नाही, पण पहिले दोन निकामी ठरल्याखेरीज त्याची गरज पडत नाही.

आयएसओ फाइल उचलून तशीच पेनड्राइव्हवर ठेवल्याने काहीच साधत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. त्याला अपवाद व्हेंटॉय या साधनाचा. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवले की पुढे त्यावर हव्या तितक्या आयएसओ फाइली नुसत्या ठेवता येतात. अभ्यासिकेतील वीस-पंचवीस संगणकांवर कधी उबुंटू, कधी मिंट, कधी विंडोज चढवणाऱ्यासाठी ते फार सोयीचे आहे. सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर मात्र पहिल्या वेळी एक निळा पडदा येतो आणि व्हेंटॉयची किल्ली नोंदवून घ्यावी लागते. तो पडदा म्हणजे बिघाड समजून लोक पेनड्राइव्ह काढून घेतात.

इन्स्टॉलर उघडतो, पण अर्ध्यात अडतो

फाइल कॉपी होताना टक्केवारी एका आकड्यावर थांबणे आणि ‘०एक्स८००७०२५डी’ सारखा संकेतांक येणे, ही अवस्था आली की फर्मवेअरचा विचार सोडून द्यावा. इथे संशय आयएसओवर, पेनड्राइव्हवर, आणि क्वचित संगणकाच्या रॅमवर घ्यावा, आणि तोही याच क्रमाने.

पाच-सहा जीबीची फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या मर्यादेत तुकड्यातुकड्याने उतरवून घेतली असेल, तर ती अखंड आहे की नाही हे तिच्या आकारावरून ठरवू नये. अधिकृत डाउनलोड पानावर त्या फाइलचा एसएचए२५६ हा ६४ अक्षरी ठसा दिलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ ही आज्ञा ‘हॅशफाइल’ या पर्यायासह द्यावी, पुढे फाइलचे नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ असे लिहावे, की आपल्या प्रतीचा ठसा मिळतो. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ आणि फाइलचे नाव एवढे पुरते. एका अक्षराचाही फरक असेल, तर फाइल टाकून द्यावी. ओळखीच्या माणसाकडून किंवा दुकानातून ‘सगळे सॉफ्टवेअर आत घातलेली’ म्हणून मिळालेली आयएसओ असेल, तर तिचा ठसा कुठल्याच अधिकृत ठशाशी जुळणार नाही. तिच्यात आणखी काय घातले आहे हे कळण्याचा सोपा मार्ग नसल्याने ती हिशेबाच्या संगणकावर चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठसा जुळला आणि तरीही अडते, तर पेनड्राइव्ह तपासावा. स्वस्तातले काही पेनड्राइव्ह वेष्टनावर ६४ किंवा १२८ जीबी सांगतात आणि संगणकालाही तेच सांगतात, पण आत प्रत्यक्ष स्मृती ८ जीबीची असते. मर्यादा संपली की पुढे लिहिलेला मजकूर नुसता हरवतो किंवा आधीच्या मजकुरावर चढतो, आणि लिहिताना कोणतीही चूक दाखवली जात नाही. विंडोजवर ‘एचटू टेस्ट डब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही साधने पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. रुफसमधील खराब ब्लॉक तपासण्याचा पर्यायही अशी लबाडी पकडतो. तपासणीला वेळ लागतो, म्हणून बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत पेनड्राइव्ह घेताना बिल अवश्य मागून घ्यावे, म्हणजे तपासणीनंतर परत नेण्याची सोय राहते.

लिहिण्याची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी तुटणे हे तिसरे कारण. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला ५ ते १० एमबी वेगाने लिहितो असे धरले, तर ६ जीबीला १० ते २० मिनिटे लागतात. लिनक्सवर ‘डीडी’ ने लिहिताना आज्ञा संपल्यासारखी दिसते तेव्हाही बराच मजकूर रॅममध्येच वाट पाहत असू शकतो. ‘कॉन्व्ह’ या पर्यायाला ‘एफसिंक’ हे मूल्य दिले, की सारे प्रत्यक्ष उतरेपर्यंत आज्ञा थांबून राहते. बलेना एचर हे साधन लिहून झाल्यावर आपणहून पडताळणी करते आणि घाईच्या माणसाला ती नकोशी वाटते, पण ती वगळू नये. मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वस्तीतले सगळे कूलर एकदम चालू असतात, तेव्हा विजेचा दाब खालीवर होत राहतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर त्या दुपारी पेनड्राइव्ह बनवणे आणि विशेषतः ऑपरेटिंग सिस्टिम चढवणे टाळावे. बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवून घ्यावा आणि डेस्कटॉपचे काम सकाळी उरकावे.

लोगो येऊन संगणक पुन्हा पुन्हा सुरू होत असेल आणि तो कोअर टू ड्युओच्या काळातला असेल, तर पेनड्राइव्ह निर्दोष आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ आणि ‘एसएसई ४.२’ या सूचना असणे अनिवार्य झाले आहे आणि त्या जुन्या प्रोसेसरांत त्या नाहीत. टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरच्या पिढीची अट रुफसच्या मदतीने ओलांडता येते, ही अट मात्र कोणत्याच साधनाने ओलांडता येत नाही. अशा संगणकावर हलके लिनक्स चढवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. लिनक्सच्या बाबतीत मेनू दिसून पुढे पडदा काळा होत असेल, तर कारण बहुधा ग्राफिक्स कार्डाचे असते. उबुंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ ही नोंद निवडून पाहावी.

सिक्युअर बूट आणि ४८ अंक

पेनड्राइव्ह निवडताच सुरक्षा धोरणाचे उल्लंघन झाल्याचा संदेश येत असेल, तर सिक्युअर बूटने बूट करणाऱ्या प्रोग्रामची डिजिटल स्वाक्षरी नाकारली आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांचे इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम वापरतात आणि एरवी सिक्युअर बूट चालू असतानाही उघडतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अपडेटने मात्र जुन्या, त्रुटी असलेल्या शिम आवृत्त्या नाकारण्याची नोंद थेट फर्मवेअरमध्ये केली. विंडोजसोबत लिनक्स असलेले अनेक संगणक त्या वेळी अडले आणि कपाटात ठेवलेले जुने लिनक्स पेनड्राइव्हही त्याच संदेशावर थांबू लागले. इथे सिक्युअर बूट बंद करण्याआधी त्या लिनक्सची ताजी आयएसओ उतरवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

सिक्युअर बूट बंद करण्याची वेळ आलीच, तर त्याआधी एक गोष्ट न चुकता करावी. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कूटबद्ध असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मालकाने ती स्वतः केलेली नसल्याने त्याला त्याचा पत्ताच नसतो. फर्मवेअरची सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ते खाते दुकानदाराने लॅपटॉप सुरू करून देताना स्वतःच्या ईमेलवर उघडले असेल, तर ती शोधणे फार कठीण होऊन बसते. म्हणून आधी विंडोजमध्ये जाऊन की मिळवून कागदावर लिहून घ्यावी, मगच फर्मवेअरमध्ये हात घालावा.

इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलर व्यवस्थित उघडतो आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी असते. एसएसडी खराब झाली असा निष्कर्ष काढून ती बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. या लॅपटॉपांत एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर पुष्कळदा आयएसओमध्ये नसतो. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून त्याचा फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा, आणि रिकाम्या यादीखालील ‘लोड ड्रायव्हर’ ने तो दाखवावा. डिस्क लगेच दिसू लागते. फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण लॅपटॉपवर आधीचे विंडोज राखायचे असेल तर तो मार्ग घेऊ नये, कारण ते विंडोज नंतर उघडत नाही.

डिस्क एमबीआरची जीपीटी करावीच लागली, तर दोन परिस्थिती वेगळ्या ठेवाव्यात. आधीचे विंडोज १० चालू स्थितीत असेल, तर त्यातीलच ‘एमबीआर टू जीपीटी’ ही आज्ञा माहिती न पुसता रूपांतर करते. सारे पुसून नव्याने सुरुवात करायची असेल, तर इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून ‘डिस्कपार्ट’ उघडावे, ‘लिस्ट डिस्क’ ने यादी पाहावी, डिस्क निवडून ‘क्लीन’ आणि मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’ या आज्ञा द्याव्यात. यादीत पेनड्राइव्ह आणि हिशेबाची दुसरी डिस्कही क्रमांकानेच दिसते, नावाने नव्हे. ‘क्लीन’ दुसऱ्यांदा विचारत नाही. आकार वाचून क्रमांक ठरवावा, आणि ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल संगणक बंद करून आधीच काढून ठेवावी.

पहिला टप्पा संपून संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो, तेव्हा बूटच्या क्रमात पेनड्राइव्ह सर्वांत वर असेल तर इन्स्टॉलर पहिल्यापासून सुरू होतो. त्या रीस्टार्टच्या क्षणी पेनड्राइव्ह काढून घ्यावा, किंवा क्रमात डिस्कला वर आणावे.

काम झाल्यावर पेनड्राइव्ह विंडोजमध्ये काही एमबीचाच दिसू लागला, तर तो खराब झालेला नाही. लिनक्सची आयएसओ जशीच्या तशी लिहिल्याने त्यावरचे एक छोटे पार्टिशन तेवढे विंडोजला वाचता येते. वर सांगितलेल्या ‘डिस्कपार्ट’ मध्ये क्रमांकाची तीच काळजी घेऊन पेनड्राइव्हवर ‘क्लीन’ द्यावे, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’ ने नवे पार्टिशन करावे आणि ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावे, म्हणजे पूर्ण क्षमता परत मिळते.